टँकर ओढायचा तर पिकअप गिअरची घ्यावी की बिनगिअरची?

मोर्शीच्या आतल्या एका गावातून प्रश्न आला आहे. नऊ एकर संत्रा आहे, बोअर दोन, त्यातला एक दर एप्रिलात आटतो. आंबिया बहाराची फळे झाडावर आणि वावरात पाणी नाही, म्हणून मामाच्या विहिरीवरून अकरा किलोमीटर पाणी आणावे लागते. ट्रॅक्टर आहे, पण त्याच्या खेपा फार वेळ खातात आणि तो दुसऱ्या कामातही अडकलेला असतो. तेव्हा इसुझूची व्ही-क्रॉस घेऊन तिच्यामागे २,००० लिटरचा टँकर जोडायचा विचार आहे. वडील चौसष्ट वर्षांचे, गुडघे दुखतात, तरी ते म्हणतात गिअरचीच घे. धाकटा भाऊ म्हणतो ऑटोमॅटिक घे. "काका, ओढायच्या कामाले कोणती बरी?"

भाऊ, मी अठ्ठावीस वर्षे गाड्यांच्या पोटाखाली काढली. त्यातली निम्मी क्लचप्लेटा बदलण्यात गेली असतील. माझी स्वतःची गाडी गिअरची आहे आणि राहील. तरी तुमच्या घरासाठी माझे उत्तर ऑटोमॅटिक असे आहे, पण त्याला अटी आहेत. त्यातली पहिली अट गिअरबॉक्सबद्दल नाहीच, टँकरबद्दल आहे.

२,००० लिटर पाणी म्हणजे सरळ दोन टन. वर टाकी, चेसिस, चाके मिळून ट्रॉलीचे पाच-सातशे किलो धरा. म्हणजे दोन टन वजनाच्या आसपासच्या गाडीमागे तुम्ही अडीच-पावणेतीन टन लटकवणार. गावातल्या ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतात. ट्रॅक्टरमागे ते चालून जाते, कारण ट्रॅक्टर संथ चालतो आणि त्याची मागची चाके अंगाने भारी असतात. पिकअप ताशी साठने येईल आणि समोर म्हैस आडवी येईल तेव्हा तुम्ही ब्रेक दाबाल, पण मागचे पावणेतीन टन ब्रेक दाबणार नाहीत. ते तुम्हाला ढकलतील. ब्रिटनमध्ये याच घराण्यातल्या डी-मॅक्सला ब्रेक असलेली ट्रॉली ३,५०० किलोपर्यंत ओढायला परवानगी आहे, आणि बिनब्रेकची फक्त ७५० किलो. गाडी तीच, इंजिन तेच, फरक ट्रॉलीच्या ब्रेकचा. तुमच्या गाडीच्या पुस्तकात जो आकडा छापला असेल तोच तुमचा, दुकानदार तोंडी सांगतो तो नाही. ट्रॉलीलाही स्वतःचा नंबर आणि पासिंग लागते, हे जाता जाता सांगून ठेवतो. अपघात झाल्यावर विमावाला आधी तेच कागद मागतो.

म्हणून ट्रॉलीला ब्रेक बसवून घ्याच, आणि जमले तर टँकरही १,००० लिटरवर आणा. आत आडव्या पत्र्यांचे पडदे हवेतच. अर्धा भरलेला बिनपडद्याचा टँकर वळणावर पाण्याच्या हेलकाव्याने गाडीचा मागचा भाग हलवतो, तेव्हा गिअरबॉक्स कोणताही असो, स्टिअरिंग धरणाऱ्याच्या छातीत धस्स होतेच. आणि टाकी चाकाच्या थोडी पुढे बसवा. ट्रॉलीच्या एकूण वजनाचा दहावा हिस्सा किंवा थोडा जास्त भार हुकावर पडला पाहिजे. भार मागे गेला की ट्रॉली शेपटासारखी हलायला लागते.

आता मूळ प्रश्न.

ओढताना गाडीला सगळ्यात जास्त त्रास कुठे होतो? पळताना नाही. हलताना होतो. उभा टँकर जागचा हलवणे, विहिरीच्या चढावर रिव्हर्स घेणे, पांदणीत खड्ड्याशी थांबून परत निघणे. गिअरच्या गाडीत हे सगळे क्लचवर येते. इंजिन फिरते आहे, चाके अजून उभी आहेत, मधली प्लेट घसरत घसरत दोघांचा वेग जुळवते. सुरी सहाणेवर धरली की धार लागते, जास्त वेळ धरली की सुरी संपते. हाफ क्लच म्हणजे तेच. घसरण्यातून जी उष्णता निघते ती प्लेट, प्रेशरप्लेट आणि फ्लायव्हील यांनाच सोसावी लागते, बाहेर जायला तिला वाट नसते. मी खोललेल्या अशा गाड्यांच्या फ्लायव्हीलवर निळे डाग असतात, लोहाराने तापवलेल्या पात्यासारखे.

तीन-चार उन्हाळ्यांपूर्वी वरुडकडचा एक पोरगा पिकअप टोचन करून माझ्याकडे आला. शेततळ्यावर चढायचा उतार, मागे टँकर, रिव्हर्समध्ये हाफ क्लचवर वर चढवायचा. त्या दिवशी अकरा खेपा झाल्या होत्या. म्हणे, "काका, दुपारपासून जळक्या रबरासारखा वास येऊन रायला होता, वाटलं टायरचा असन." टायरचा नव्हता. प्लेटचे अस्तर गेले होते आणि फ्लायव्हीलही मशीनवर न्यावे लागले. गाडी जुनी नव्हती. एका दिवसात तिचा क्लच संपला, कारण रिव्हर्सचा गिअर एवढ्या लोडवर इतक्या हळू चालायला पुरेसा खालचा नसतो आणि उरलेली कसर पाय भरून काढतो.

ऑटोमॅटिकमध्ये त्या प्लेटच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. ताक घुसळताना रवी फिरते तशी मडक्यातले ताकही गोल फिरू लागते. त्याच मडक्यात दुसरी मोकळी रवी सोडली तर तीही फिरेल. इंजिन म्हणजे पहिली रवी, चाकांकडे जाणारा दांडा म्हणजे दुसरी, आणि मधले ताक म्हणजे गिअरबॉक्सचे तेल. दोघींच्या मध्ये तिसरा पंखा असतो, तो परतणारे तेल अशा दिशेने वळवतो की पहिल्या रवीला उलट अडथळा होण्याऐवजी मदतच होते. त्यामुळे गाडी जागची हलताना इंजिनाचा जोर दुपटीच्या आसपास वाढून पुढे जातो. क्लचला हे जमत नाही. क्लच इंजिनाचा जोर आहे तेवढाच देतो, जास्तीत जास्त. शिवाय घसरण्याची उष्णता तेलात जाते आणि तेल कूलरमधून फिरते, म्हणजे उष्णतेला बाहेर पडायला वाट आहे. ब्रेकवरचा पाय हळूहळू सोडला की टँकर इंचाइंचाने मागे सरकतो. हूक जुळवताना तर हा फरक पहिल्याच दिवशी कळतो.

कंपन्यांचे आकडेही हेच सांगतात. टोयोटा हायलक्सचे २.८ लिटरचे डिझेल इंजिन दोन्हींत एकच, २०४ अश्वशक्तीचे. पण गिअरच्या गाडीत त्याचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ४२० न्यूटन मीटर ठेवला आहे आणि ऑटोमॅटिकमध्ये ५००. महिंद्राच्या स्कॉर्पिओ-एनच्या १७५ अश्वशक्तीच्या डिझेलमध्येही गिअरला ३७० आणि ऑटोमॅटिकला ४००. तुमच्या व्ही-क्रॉसच्या १.९ लिटरला मात्र दोन्हींत ३६०च, तिथे कंपनीने भेद केलेला नाही. ज्या अमेरिकेत पिकअपने घोडे, बोटी, अख्खी घरे ओढतात तिथे मोठ्या पिकअपमधून गिअरचा पर्याय हळूहळू निघूनच गेला. फोर्डने सुपर ड्यूटीत तो २०१० नंतर दिला नाही. कमिन्स इंजिनाच्या रॅममध्ये तो सगळ्यांत शेवटी टिकला आणि २०१८ नंतर तोही गेला. जीप ग्लॅडिएटर दोन्ही प्रकारांत मिळायची तेव्हा ऑटोमॅटिकला साधारण ३,४७० किलोपर्यंत ओढायची मुभा होती, गिअरच्या गाडीला २,००० किलोच्या आसपास. आपल्याकडे अजून उलटे ऐकायला मिळते, की ओढायला गिअरचीच गाडी. जुन्या तीन-चार गिअरच्या ऑटोमॅटिक गाड्यांच्या काळात ते खरे होते.

तरी थांबा. ऑटोमॅटिक म्हणून आपल्याकडे जे विकले जाते ते सगळे एक नाही. एएमटी म्हणजे आत नेहमीचा क्लच आणि नेहमीचा गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायला तुमच्या पायाऐवजी मशीन. वरुडच्या पोराच्या क्लचचे जे झाले तेच तिचे होईल, आणि मशीनला जळका वास कळत नाही. मोटारींत मिळणारी कोरड्या क्लचची डीसीटी, म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक, तीही टँकरच्या कामाची नाही. मी म्हणतो ती ऑटोमॅटिक म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरची. व्ही-क्रॉस आणि हायलक्स दोन्हींत तीच आहे, सहा गिअरची. दुकानात हाच शब्द वापरून विचारा.

आता तिचे दुखणे, आणि विदर्भात ते एकच आहे: उष्णता. अकोला, ब्रह्मपुरी, चंद्रपूर मे महिन्यात ४५च्या वर जातात, तुमच्याकडेही फार वेगळे नसते. कूलरमध्ये शिरणारी हवाच तापलेली, तर तेल कशाने थंड होणार? मिस्त्री लोकांचा जुना ठोकताळा आहे की ठरावीक मर्यादेपुढे तेलाचे तापमान दर १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते. चांगले तेल लालसर असते. ते तपकिरी झाले आणि करपल्याचा वास आला की आतल्या प्लेटा बोलायला लागल्या समजा. 'हे तेल गाडीच्या आयुष्यभराचे' असे कोणी सांगितले तर हसून सोडून द्या. ते आयुष्य गाडी दुकानातून घरी आणि घरून बाजारात जाणाऱ्याचे. ओढणाऱ्या गाडीचे मी ४०,००० किलोमीटरवर बदलतो, आणि कंपनीने सांगितलेलेच तेल घालतो. खालून बोल्ट काढला की सगळे तेल बाहेर येत नाही, बरेच कन्व्हर्टरमध्ये अडकून राहते. म्हणून थोड्या दिवसांनी परत एकदा काढून भरायचे. हे काम करणारा माणूस अमरावतीत मिळेल, गावात मिळणार नाही.

कापसाच्या पट्ट्यातल्या गाड्यांना आणखी एक रोग असतो, तो पुण्या-मुंबईच्या मेकॅनिकला सांगून पटत नाही. कापसाच्या जिनिंग कारखान्याजवळून ये-जा करणाऱ्या गाडीच्या पुढच्या जाळीत रुई आणि धूळ मिळून नमद्यासारखा थर बसतो. रेडिएटर, एसीचे कंडेन्सर, गिअरबॉक्सचा कूलर, सगळे एकामागे एक उभे असतात आणि थर मधल्या फटीत असतो, पुढून दिसत नाही. गुढीपाडव्याच्या सुमारास, उन्हे चढायच्या आधी, आतल्या बाजूने बाहेर अशी हवा किंवा कमी दाबाचे पाणी मारून तो काढायचा. जोरात मारले तर पत्र्याच्या पात्या वाकतात आणि मग काढून उपयोग नाही. ओढायची ऑटोमॅटिक असेल तर वेगळा जादा कूलर बसवणे हा मला तरी पैशाचा चांगला उपयोग वाटतो. सीटकव्हर आणि मोठ्या टायरांच्या आधी तो.

चालवण्यातही थोडे शिकावे लागते. तळेगावच्या घाटात लोड घेऊन डी मध्ये सोडून दिली की गाडी चौथ्या-पाचव्यात सारखी वर-खाली करते. प्रत्येक बदलात घसरण, प्रत्येक घसरणीत उष्णता. लिव्हर मॅन्युअलच्या बाजूला घेऊन गिअर बांधून टाका. एका गिअरवर स्थिर चालली की कन्व्हर्टरमधले कुलूप लागते, घसरण थांबते, तेल निवते. उतरताना ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा. हा नियम दोन्ही गाड्यांना सारखाच. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे येताना ब्रेक तापून पकड सुटलेल्या गाड्या मी आणल्या आहेत, त्यात गिअरच्याच जास्त होत्या. कारण आपल्या लोकांना उतारावर न्यूट्रल मारायची सवय. डिझेल वाचते म्हणे. नव्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना पाय काढला की डिझेलचा फवाराच बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला डिझेल लागतेच. म्हणजे ब्रेक गमावून वर डिझेलही जास्त.

मग मी स्वतः गिअरची का चालवतो? कारण माझे काम एकट्याचे, ओढायचे कमी, आणि मी रात्री-बेरात्री धारणीकडे जातो. तिकडे बॅटरी बसली तर गिअरची गाडी चार माणसे धक्का मारून चालू करतात. ऑटोमॅटिक धक्क्याने चालू होत नाही. बंद पडलेली ऑटोमॅटिक ट्रॅक्टरला बांधून वीस किलोमीटर ओढताही येत नाही. तिचा तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाके फिरती म्हणजे आतले सगळे कोरडे फिरणार. चिखलातून दहा-वीस हात ओढून काढणे वेगळे, गावापर्यंत नेणे वेगळे, त्याला उचलून नेणारी गाडीच लागते. आणि क्लच गेला तर गावातला मिस्त्री लिंबाखाली जॅक लावून दिवसभरात बदलून देतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आतून बसला तर तो खोलणारा हात नागपुरात शोधावा लागतो, आणि खर्च क्लचच्या कामाच्या कैक पट. वडिलांच्या म्हणण्यात हे सगळे आहे. त्यांनी कारण सांगितले नसेल, पण माणसाने आयुष्यात जे भोगले तेच बोलतो.

आता एक गोष्ट, जी तुमच्या प्रश्नात नव्हती आणि मला गिअरपेक्षा मोठी वाटते: ४ बाय ४, म्हणजे इंजिनाचा जोर चारही चाकांना. पांदणीत, चढावर, काळ्या मातीत ४ लो, म्हणजे ४ बाय ४ची सगळ्यात संथ चाल, लावली की चाकांना मिळणारा जोर सुमारे अडीच पट होतो आणि गाडी मुंगीच्या चालीने चालते. मग गिअरच्या गाडीतही हाफ क्लचची गरज जवळपास उरत नाही. पाय पूर्ण सोडून द्या, गाडी स्वतः टँकर मागे ढकलते. वरुडच्या त्या पोराची गाडी ४ बाय ४ असती आणि त्याला लो लावायचे माहीत असते तर तो माझ्याकडे आलाच नसता. मात्र लो फक्त सैल जमिनीवर. डांबरावर ४ बाय ४ लावून वळलात तर पुढची-मागची चाके एकमेकांशी भांडतात आणि दांडे-जोड पिळले जातात. व्ही-क्रॉस ४ बाय २, म्हणजे दोनच चाकांना जोर देणारी, ऑटोमॅटिक अशीही आलेली आहे, दिसायला तीच. टँकरसाठी ती घेऊ नका. ४ बाय २ ऑटोमॅटिक आणि ४ बाय ४ गिअर यांत निवड करायची वेळ आली तर डोळे मिटून ४ बाय ४ गिअरची घ्या.

दोन्ही ४ बाय ४ असतील तर तुमच्या घरात चालवणार कोण ते पाहा. वडील चालवणार, त्यांच्या गुडघ्याचे तुम्हीच लिहिले आहे. भाऊ चालवणार, त्याने आजवर फक्त मोटारसायकल आणि ट्रॅक्टर चालवला आहे. ट्रॅक्टरवाल्याचा डावा पाय क्लचवरून खाली उतरत नाही. मी त्यांना चिडवत असतो की राजेहो, क्लच म्हणजे पायपुसणे नव्हे. पाय नुसता टेकला तरी रिलीज बेअरिंग फिरत राहते आणि प्लेट थोडी सुटते. अशा दोघांच्या हाती, त्या विहिरीच्या चढावर, रोज तीन-चार खेपा: म्हणून ऑटोमॅटिक. सालदार ट्रॅक्टर चालवतो तो चालवू द्या, पिकअपची चावी त्याला देऊ नका. ऑटोमॅटिकमध्ये तोच डावा पाय ब्रेकवर जाऊन बसतो आणि गाडी दिवसभर ब्रेक दाबूनच चालते.

आणि पैशाचा ताण असेल तर तिसरी वाट सांगतो, जी शोरूमवाला सांगणार नाही. ओढूच नका. बोलेरो पिकअप १.७ टन वाहायच्या पासिंगची मिळते. तिच्या हौद्यात १,५०० लिटरची टाकी पक्की बांधा. ट्रॉली नाही, हूक नाही, दुसरे पासिंग नाही, ब्रेक चारही चाकांना. संत्र्याच्या हंगामात टाकी उतरवून क्रेट भरा. ती गिअरचीच येते, पण भार स्वतःच्या चाकांवर असल्याने क्लचचे हाल टँकर ओढण्याइतके होत नाहीत. फक्त पाटे आणि टायर बघत राहायचे. व्ही-क्रॉसचा रुबाब तिला नाही, हे कबूल. लग्नाच्या वरातीत उभी करायची असेल तर वेगळा विचार करा.

पैसे भरण्याआधी एक करा. सध्याचा टँकर काठोकाठ भरा, ट्रॅक्टरने जवळच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर न्या. आधी ट्रॅक्टर काट्याबाहेर ठेवून ट्रॉलीच्या चाकांवरचे वजन, मग ट्रॉली सोडून फक्त तिचा दांडा काट्यावर टेकवून हुकावरचा भार. दोन चिठ्ठ्या मिळतील. ते दोन आकडे मला कळवा, मग हूक कोणत्या मापाचा आणि टाकी किती इंच पुढे सरकवायची ते सांगतो.